समाधान हार्डवेअरची कोरडी टाकी

पाणी नसलेल्या पाड्याला मी पाण्याची टाकी भेट दिली.

हजार लिटरची. काळीभोर, तिहेरी थराची, झाकणासकट, नळासकट. पाणी सोडून तिच्यात सगळं होतं. आणि हे मी कुणाच्या भरीला पडून केलं नाही. पूर्ण शुद्धीत, चांगला अभ्यास करून केलं. (अभ्यास करून केलेल्या चुका फार मोठ्या होतात. बिनअभ्यासाच्या चुका निदान लवकर आटपतात.)

जव्हारला एसटी डेपोपासून थोडं पुढे माझं दुकान आहे, समाधान हार्डवेअर. पाइप, नळ, टाक्या, खिळे, कुलपं, रंग. दुकान माझ्या नावावर आहे आणि मनीषाच्या जिवावर चालतं. मनीषा म्हणजे माझी बायको. गिऱ्हाइकाला अर्ध्या इंचाचा एल्बो हवाय की पाऊण इंचाचा, हे ती त्याच्या चेहऱ्यावरून ओळखते. मला ते त्याने तीनदा सांगूनही कळत नाही. म्हणून मी पुढे बसून लोकांना 'या, या' म्हणण्याचं काम करतो.

त्या वर्षी मात्र 'या, या' म्हणायलाही कुणी उरलं नव्हतं. रस्त्याच्या वळणावर काचेचं मोठं शोरूम उघडलं होतं. आत थंडगार हवा, आणि नळ असे मांडलेले की सराफाच्या दुकानात शिरल्यासारखं वाटावं! आमची गिऱ्हाइकं झाडून तिकडे गेली. शिरपामाळ बघायला आलेले पाहुणे तेवढे आमच्याकडे डोकावायचे, तेही रस्ता विचारायला. मी इतका मोकळा होतो की त्यांना थेट वळणापर्यंत पोचवून यायचो. म्हणजे बरोबर त्या शोरूमच्या दारात.

शेवटी एक दिवस मनीषाने झाडू खाली ठेवला आणि निकाल दिला. "हा उन्हाळा बघू. मे संपेपर्यंत दुकान सावरलं तर ठीक. नाहीतर शटर ओढायचं आणि नाशिकला जायचं. बंटीने तुमच्यासाठी खुर्ची ठेवलीय."

बंटी हा तिचा धाकटा भाऊ. नाशकात त्याचं फरश्यांचं दुकान आहे. त्याला सायकल मी शिकवली होती. (म्हणजे, मी धरलेली सायकल सोडून दिली आणि तो विहिरीच्या कठड्यावर जाऊन आदळला. शिकला मात्र!) आता त्याच्या हाताखाली बसायचं! त्याने फोनवर अगदी प्रेमाने सांगितलं होतं, "दाजी, तुम्ही नुसतं बसायचं. कशालाही हात लावायचा नाही."

तो मला ओळखतो.

अशा अवस्थेत मला एका कार्यशाळेचं बोलावणं आलं. छोट्या व्यापाऱ्यांसाठी, जव्हारमध्येच. मुंबईहून निळ्या शर्टातला एक तरतरीत तरुण आला होता. तो पडद्यावर चित्रं दाखवून सांगत होता की सामाजिक जबाबदारी ही काही फक्त मोठ्या कंपन्यांची मिरास नाही. छोट्या दुकानदारानेही आपल्या परीने गावासाठी काहीतरी करावं. त्याने नाव होतं, लोकांचा विश्वास बसतो, गिऱ्हाईक जोडलं जातं, माणसं आपली होतात. "दिलेलं फुकट जात नाही. परत येतं!" असं तो म्हणाला तेव्हा मी एकट्याने टाळ्या वाजवल्या.

त्याची पहिली दहा मिनिटं माझी चुकली होती. हॉलच्या मागे बटाटेवडे तळत होते आणि पहिला घाणा बाहेर पडताना तिथे कुणीतरी जबाबदार माणूस हजर असावा, असं मला वाटलं. पण परत आलो तेव्हा पडद्यावर लिहिलं होतं, 'आपले नाव ठळक दिसू द्या.' हे मला तत्काळ पटलं.

घरी येऊन मी जाहीर केलं, "आपण एका पाड्याला पाण्याची टाकी देणार."

"कुठल्या पाड्याला?" मनीषाने विचारलं.

"सूर्यमाळच्या बाजूला. तिथे उन्हाळ्यात पाण्याचे फार हाल असतात."

"मग?"

"मग काय? पाण्याचे हाल, म्हणून पाण्याची टाकी!"

तुम्हीच सांगा, यात चूक कुठे दिसते? मला दिसली नाही. मनीषाला थोडी दिसली असावी, कारण तिने "त्यांना विचारलंत का?" असं म्हटलं. मी म्हटलं, "भेट कुणी विचारून देतं का? तुझ्या वाढदिवसाला मी मिक्सर आणला तो विचारून आणला होता का?"

"नाही," ती म्हणाली. "म्हणून तर तीन झाले."

मी दुर्लक्ष केलं आणि पेंटरला बोलावलं. त्याला म्हटलं, चारही बाजूंनी दुकानाचं नाव टाक. तो टाकीभोवती एक फेरी मारून आला आणि म्हणाला, "शेठ, टाकी गोल हाय." तेव्हा ठरलं की एकच ओळ, पण फूटभर उंच अक्षरांत, पिवळ्या रंगात, गोल फिरवायची. 'समाधान हार्डवेअर, जव्हार यांच्या सौजन्याने पाण्याची चिंता मिटली', आणि पुढे माझा मोबाइल नंबर. नंबर संपला तिथून नाव पुन्हा सुरू होत होतं. सगळं वाचायचं तर टाकीला प्रदक्षिणाच घालावी लागे! मला त्यातही एक मांगल्य दिसलं.

एप्रिलच्या एका रविवारी आम्ही पिकअपमधून निघालो. मागे टाकी, पुढे मी, मनीषा आणि माझे वडील. अण्णा एसटीत कंडक्टर होते. निवृत्त होऊन वीस वर्षं झाली, तरी त्यांचं बोलणं अजून तिकिटाएवढंच असतं. मोखाडा गेलं, खोडाळा गेलं, चढ लागला. अण्णा एवढंच म्हणाले, "खाली जातोय की वर?" मी म्हटलं, "वर." ते म्हणाले, "पाणी खाली असतं." मी त्यांचं वय लक्षात घेऊन सोडून दिलं.

पाड्यापर्यंत गाडी जात नाही. शेवटची चढण पायी. टाकी रिकामी, त्यामुळे वजनाचा प्रश्न नव्हता. प्रश्न वाऱ्याचा होता! सूर्यमाळच्या माथ्यावर दुपारी जो वारा सुटतो, त्याला हजार लिटरची पोकळ वस्तू म्हणजे फुगाच. माळावर आलो आणि टाकी माझ्या हातातून निसटून निघाली की हो गडगडत! पुढे अण्णा. मी ओरडलो, "अण्णा, बाजूला व्हा!" अण्णांनी मागे वळून पाहिलं, एक हात वर केला आणि चाळीस वर्षं गर्दीला थोपवलेल्या आवाजात गरजले, "थांबा!"

टाकी थांबली. (करवंदीच्या जाळीत अडकली होती, पण अण्णा अजून ते मान्य करत नाहीत.)

पाड्यातली माणसं धावत आली. त्यांनीच टाकी उचलली, चौथरा म्हणून तिथेच जाळीशेजारी दगड रचले, वर टाकी बसवली आणि मग विचारलं, "हे काय हाय?"

मी म्हटलं, "थांबा, सांगतो." कारण भाषण लिहून नेलं होतं. झेंडूची माळ होती, रिबीन होती, कात्री होती, नारळ होता. पाड्यातल्या बायका हंडे घेऊन कुठून तरी वर येत होत्या, त्याही थांबल्या. त्यांच्यात सोमीबाई होती. साठी ओलांडलेली, काटक, डोक्यावर दोन हंडे आणि चेहऱ्यावर जराही घाई नाही. ती पाड्यातली सगळ्यात जाणती बाई, हे मला नंतर कळलं. तेव्हा मला वाटलं, फोटोला चांगली आहे.

मी भाषण केलं. अण्णांनी रिबीन कापली. मी मोबाइल सरसावला आणि म्हटलं, "अण्णा, आता नळ सोडा!"

अण्णांनी नळ सोडला.

काही आलं नाही. थेंब नाही, फुसफुस नाही. सगळा पाडा नळाकडे बघत होता. मीही बघत होतो. वीस वर्षं टाक्या विकणारा माणूस मी, आणि त्या क्षणी मला खरोखर वाटत होतं की येईल!

सोमीबाईने हंडे उतरवले. "हिच्यात पानी कुठनं येल रं?"

"टाकीत? टाकीत... भरायचं."

"कोण भरल?"

"तुम्हीच."

"कुठलं?"

"आता कुठून आणताय, तेच."

तिने दरीकडे बोट केलं. खूप खाली, उन्हात, एक चमकणारा ठिपका दिसत होता. "तिथं खड्डा हाय. वाटी वाटीनं हंडा भरायचा. डोईवर घेऊन इथवर चढायचं. बराबर?"

"बरोबर."

"मग घरी न न्यायचा. हिच्यात ओतायचा. न मग नळ सोडून परत हंड्यात घ्यायचा. आसंच कं?"

माझ्या आयुष्यात माझी योजना इतकी स्पष्ट करून मला कुणी सांगितली नव्हती.

आधी एक पोर हसलं. मग बायका हसल्या. मग पुरुषांनी तोंडं फिरवली, पण त्यांचे खांदे हलत होते. मनीषा हसत नव्हती. मनीषा माझ्याकडे बघत होती. मला तीन मिक्सर आठवले.

अशा वेळी शहाणा माणूस नारळाचा प्रसाद वाटून खाली उतरतो. मला मात्र फोटो हवा होता. व्यापाऱ्यांच्या ग्रुपवर टाकायला वाहता नळ हवाच! मी सोमीबाईच्या हंड्याकडे नुसतं पाहिलं, तर मनीषा मध्ये उभी राहिली. "त्या हंड्याला हात लावायचा नाही. ती बाई दरी चढून आलीय."

"मग आपल्या बाटल्या!" मी म्हटलं. आमच्याकडे पाण्याच्या चार बाटल्या होत्या. मी दगडांवर चढलो आणि झाकण उघडून चारही ओतल्या. खाली उतरलो. नळ सोडला. काही नाही. कारण टाकीचा नळ तळापासून चार बोटं वर असतो! तिथवर पाणी चढायला चार-पाच हंडे लागतात. हे मी गिऱ्हाइकांना रोज सांगतो. सांगायचो, म्हणजे गिऱ्हाइकं होती तेव्हा.

"विनू," अण्णा म्हणाले. "माझी गोळी घ्यायची वेळ झाली."

मी बाटल्यांकडे पाहिलं. चारही रिकाम्या. आमचं सगळं पाणी टाकीच्या तळाशी, नळाच्या खाली चार बोटं, कुणाच्याही उपयोगाचं नसलेलं. वर ऊन. अण्णांचा घसा कोरडा आणि हातात रक्तदाबाची गोळी.

सोमीबाईने घरातून लोटा आणला, हंड्यातलं पाणी फडक्यातून गाळून लोट्यात घेतलं आणि अण्णांच्या हातात दिलं. मग मनीषाला. मग मला. मी नको नको म्हणत होतो. ती म्हणाली, "पी रं. उन्हाचा आलास."

ते पाणी मी प्यायलो. थोडं मातकट लागलं. एक हंडा म्हणजे किती वाट्या, हे प्रत्येक घोटाला मनात येत होतं. तिकडे त्या भागात सगळ्यांनाच 'तू' म्हणतात, पण मला त्या दिवशी 'तू'च्याही खाली एखादं संबोधन असतं तर चाललं असतं.

आता तुम्ही म्हणाल, एवढं झाल्यावर तरी हा माणूस गप्प बसला असेल. नाही. येताना काढलेला एक फोटो मी ग्रुपवर टाकला. तो नीट बघायचं राहून गेलं. टाकीवरची ओळ गोल फिरलेली, त्यामुळे फोटोत फक्त दोनच शब्द आले होते, 'चिंता मिटली'. आणि त्याच्या बरोबर खाली, डोक्यावर हंडे घेतलेल्या सात बायका रांगेने चाललेल्या.

दुसऱ्या दिवशी दुकानात वर्षभरात झाली नव्हती एवढी गर्दी झाली!

"शेठ, बिनपाण्याची टाकी आहे का? आमच्या मेहुण्यांना द्यायचीय."

"विनूशेठ, आता टकल्यांना कंगवे कधी वाटताय?"

समोरचा इस्त्रीवाला तर रोज सकाळी शटर उघडलं की रस्त्यापलीकडून हाक मारायचा, "चिंता मिटली का हो?" संध्याकाळी नाशिकहून फोन. बंटीपर्यंत फोटो पोचला होता. "दाजी, खुर्चीला गादी लावून घेतलीय. एकतीस तारखेला टेम्पो घेऊनच येतो."

मी गल्ल्यामागे खाली मान घालून बसलो होतो. मनीषा कोपऱ्यात कागद आवरत होती. त्यातून कार्यशाळेत वाटलेलं पत्रक निघालं. तिने ते वाचलं, मग माझ्यापुढे ठेवलं आणि पहिल्या ओळीवर बोट टेकवलं.

'पायरी पहिली: आधी लोकांना विचारा.'

"हे सांगत होते तेव्हा तुम्ही कुठे होतात?"

मी खरं ते सांगितलं. "वड्यांपाशी."

तिने पत्रकाची नीट घडी घातली. (ती ओरडली की बरं असतं.) आतून पिशवी घेऊन आली आणि म्हणाली, "चला. विचारून येऊ."

या खेपेला माळ नाही, रिबीन नाही. पाण्याचा एक मोठा कॅन मात्र होता. मनीषा सोमीबाईच्या ओट्यावर जाऊन बसली आणि म्हणाली, "मावशी, यांनी विचारलं नाही, चुकलं. आता मी विचारते. पाण्याचं काय केलं तर बरं होईल?"

सोमीबाईला उत्तर शोधावं लागलं नाही. ते तिच्याकडे तयारच होतं. तिने डोंगराच्या वरच्या अंगाला बोट केलं. "त्या उंबराच्या बुडाला झिरा हाय. बारा महिने गळतो. पन बारीक. एक हंडा भराया तास जातो. कोण बसल तिथं तासतास? दिसभर गळतं न मातीत जातं, रातभर गळतं न मातीत जातं. तिथनं पाइप आला आसता तर..." आणि तिने टाकीकडे पाहिलं. "तर हिचा उपेग झाला आसता."

मनीषा बोटं मोजायला लागली. "तासाला हंडा. म्हणजे दिवसाला चोवीस हंडे. पाड्यात घरं किती?"

"एकवीस."

दोघी एकमेकींकडे बघून हसल्या. टाकी बरोबर जागी बसली होती, झिऱ्याच्या खाली आणि घरांच्या वर. हे श्रेय माझं नाही, वाऱ्याचं आणि करवंदीच्या जाळीचं आहे.

"हे मला आधी का नाही सांगितलंत?" मी विचारलं.

"तू भाषान करत व्हतास," सोमीबाई म्हणाली.

पाइप माझ्या गोदामात होता. भरपूर होता. तीन वर्षांपूर्वी मी काळ्या पाइपची दोन भेंडोळी मागवायच्या जागी वीस मागवली होती, आणि तेव्हापासून मनीषा दर दिवाळीला त्यांच्यावरची धूळ झटकताना माझं नाव घ्यायची. ती भेंडोळी निघाली. पाड्यातली सगळी माणसं कामाला लागली. मला वाटलं होतं, मी उंबराखाली उभा राहून सूचना देईन. सोमीबाईने माझ्या खांद्यावर एक भेंडोळं ठेवलं आणि म्हणाली, "चल."

दोन दिवस मी राबलो. वीस वर्षं पाइप विकले, पण डोंगरातून एकही टाकला नव्हता, हे पहिल्या तासात सगळ्यांना कळलं. हाताला फोड आले. चप्पल दरीत गेली. मी मधला उंचवटा चढवून पाइप सरळ रेषेत नेला, कारण दिसायला छान दिसत होतं, आणि पाणी उंचवट्याशी येऊन थांबलं. सोमीबाईने डोक्याला हात लावला. "पानी म्हातारं आसतं रं. त्याला उतार दे, चढाव नको लावू." मग सगळा पाइप उचलून वळसा घालून घेतला. दुसऱ्या दिवशी उन्हं कलताना टाकीत पहिला थेंब पडला. टप्. पोकळ टाकीत तो केवढा मोठा वाजला! मग दुसरा. पोरं टाकीला कान लावून बसली.

आम्ही त्या रात्री तिथेच राहिलो. सकाळी सोमीबाईने हंडा नळाखाली ठेवला आणि नळ सोडला. पाणी आलं. स्वच्छ, थंड. हंडा भरला तसा तिने तो उचलला नाही, जरा वेळ नुसती बघत उभी राहिली. मनीषाने डोळ्याला पदर लावला. मी फोटो काढायचा विसरलो. फोटो न काढल्याचा आनंद मला आयुष्यात झाला अशी ती एकमेव वेळ.

दोन आठवडे गेले. दुकान होतं तसंच, रिकामं. इस्त्रीवाल्याची हाक चालूच. एकतीस मे जवळ येत होता आणि मी मनातल्या मनात नाशिकच्या खुर्चीत बसून बघत होतो. मग एकोणतीस तारखेला फोन आला. एक बाई बोलत होत्या. कुठल्याशा मोठ्या कंपनीच्या सामाजिक निधीतून मोखाड्याच्या पाड्यांवर झरे बांधायचं काम त्यांच्याकडे होतं. पाइप आणि टाक्या जवळच्याच दुकानातून घ्यायच्या होत्या, आणि डोंगरात ते कसे टाकतात हे ठाऊक असलेला माणूस हवा होता.

"माझा नंबर तुम्हाला कुणी दिला?" मी विचारलं.

"टाकीवर होता. मी झिरा बघून वरून उतरत होते, मागच्या बाजूने."

पाड्याच्या वाटेकडून फक्त 'चिंता मिटली' दिसायचं. माझा नंबर डोंगराकडे तोंड करून होता, जिथे तो शेळ्यांशिवाय कुणी वाचणार नाही, म्हणून मी पेंटरला महिनाभर शिव्या देत होतो! मी म्हटलं, "हो, हो, तो पाइप मीच..." तेवढ्यात मनीषाने फोन घेतला आणि पुढचं सगळं, किती पाइप, कुठल्या मापाचा, कधी, हे नीट ठरवलं.

आणि एकतीस तारखेला सकाळी दुकानासमोर माणसं उभी. सोमीबाई पुढे, मागे पाड्यातले वीस-बावीस जण. हातात कोयते, दोर, टोपल्या. मला वाटलं, पाइप फुटला! मी हात जोडून बाहेर आलो.

"गोदाम कुठं हाय?" सोमीबाईने विचारलं.

"का?"

"तू आमच्याकडं दोन दिस राबलास. सावड हाय. तुझे दोन दिस आमच्याकडं बाकी."

एकमेकांच्या शेतात दिवसाला दिवस राबून फेडायचा, ही त्यांची रीत. मी म्हटलं, "अहो छे छे, मावशी, ते मी काही परत मिळावं म्हणून..." इथे मी अडखळलो. कारण ते सगळं मी परत मिळावं म्हणूनच केलं होतं! निळ्या शर्टवाल्याने सांगितलं होतं, परत येतं. ते असं, भाकरीची फडकी बांधून, पहाटेची गाडी धरून येईल, हे त्याने सांगितलं नव्हतं. की तेही वड्यांच्या वेळात सांगितलं, देव जाणे.

अण्णा आतून म्हणाले, "विनू, नाही म्हणू नको. सरक पुढे. वाट दे."

माझ्या गोदामाची कौलं चार पावसाळे गळत होती. ती माणसं वर चढली आणि तासाभरात अर्धं छप्पर उतरवून, फुटकी कौलं वेगळी काढून, पाऊस लागायच्या आत शाकारायला बसली. रस्त्यावर बघ्यांची गर्दी. इस्त्रीवाल्याने हाक मारायला तोंड उघडलं आणि मिटलं. थोड्या वेळाने तो सगळ्यांसाठी किटलीभर चहा घेऊन आला.

नेमका त्याच वेळी नाशिकचा रिकामा टेम्पो येऊन थांबला. बंटी उतरला. त्याने छपरावर कोयते घेतलेली माणसं पाहिली, उतरवलेली कौलं पाहिली आणि किंचाळला, "ताई! अगं दुकान पाडतायत!"

मनीषाने त्याला पाणी दिलं, बसवलं, सगळं सांगितलं. फोन, पाइप, झरे, सावड. "आता आम्ही नाही येत," ती म्हणाली. "काम आलंय. सावरलं बघ दुकान."

बंटीचं तोंड उतरलं. टेम्पो आणला होता, खुर्चीला गादी लावली होती. तो खालूनच वर कौलं लावणाऱ्या सोमीबाईला म्हणाला, "मावशी, तुम्हीच सांगा. एवढ्या लांबून आलो, आता दाजींना नेऊ की नको?"

सोमीबाईने हातातलं कौल बसवलं, ठोकून पाहिलं, आणि वरूनच माझ्याकडे एकदा बघून घेतलं.

"त्याला ने," ती म्हणाली. "दुकान न बाई इथंच ठेव."